स्क्रॅम्बलरवरचे पहिले २०० किलोमीटर: गाडीचं किती, जुळवणीचं किती

स्क्रॅम्बलर, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालेल अशी उंच मोटरसायकल, पहिल्यांदा चालवून आलेल्याच्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. सीट उंच आहे, पुढचं चाक वळायला आळस करतं, पहिल्या गिअरमध्ये गाडी हिसके देते, ब्रेक दाबला की नाक खाली जातं, उजवी मांडी भाजते. यातलं गाडीचं किती, टायरमधल्या हवेचं किती, शॉकअपच्या कॉलरचं (स्प्रिंग घट्ट-सैल करायच्या कड्याचं) किती आणि आधीच्या गाडीवर लागलेल्या सवयीचं किती, हे दहा मिनिटांच्या फेरीत कळत नाही. गाडी आधी आपल्या वजनाला जुळवून घ्यावी लागते आणि मग डांबर, घाट आणि खडी, तिन्हींवर न्यावी लागते. खालचं सगळं अशाच एका दिवसातलं.

गाडी ४०० सीसीच्या वर्गातली. एकच सिलिंडर, कूलंटवर थंड होणारं इंजिन, ताकद सुमारे ४० पीएस, सहा गिअर. सीटची उंची ८३५ मिमी, पुढे १९ इंची आणि मागे १७ इंची चाक, दोन्हीकडे सस्पेन्शनची ट्रॅव्हल (चाक वर-खाली जेवढं हलू शकतं ते अंतर) १५० मिमी, पेट्रोलसकट वजन १८० किलोच्या आसपास, टाकी १३ लिटरची. मीटरवर १,१०० किलोमीटर पडलेले आणि पहिली सर्व्हिस झालेली, त्यामुळे रनिंग-इनचं बंधन नव्हतं. दिवसभरात साधारण ६० किलोमीटर गर्दीत, ९० मोकळ्या रस्त्यावर आणि घाटात, बाकीचे मुरूम, खडी आणि एका ओढ्यातून.

‘स्क्रॅम्बलर’ या नावावरून गाडी कशी चालेल ते मात्र फारसं कळत नाही. हा शब्द १९२४ मध्ये इंग्लंडात कॅम्बर्लीला झालेल्या शर्यतीपासून चालत आला. रस्त्यावरचीच मोटरसायकल घ्यायची, नको ते उतरवायचं, गाठीचे टायर चढवायचे, सायलेन्सर वर उचलायचा आणि माळरानावर पळवायची, एवढाच तो प्रकार. १९६२ मध्ये होंडाची सीएल७२ आणि डुकाटीची पहिली स्क्रॅम्बलर कारखान्यातूनच त्या रूपात बाहेर पडल्या. आजच्या गाड्यांत याच नावाखाली जमीन-अस्मानाचा फरक आहे. डुकाटीच्या ८०३ सीसी गाडीला पुढे १८ इंची चाक आणि १५० मिमी ट्रॅव्हल. ट्रायम्फच्या ९०० ला १९ इंची चाक आणि १२० मिमी. त्याच कंपनीच्या १२०० एक्सईला २१ इंची चाक आणि २५० मिमी. माहितीपत्रक हातात आलं की आधी हे दोन आकडे बघावेत, ताकदीचा नंतर. पुढच्या चाकाचा व्यास आणि सस्पेन्शनची ट्रॅव्हल, गाडीचा निम्मा स्वभाव इथेच ठरलेला असतो.

निघण्याआधी पाऊण तास जुळवणीत गेला. क्रम असा: हवा, मागचा शॉकअप, चेन, आणि शेवटी हँडल-लिव्हर. शॉकअप घट्ट-सैल केला की चेनचा ताण बदलतो आणि गाडीची बैठकही पुढे-मागे कलते. उलट क्रमाने गेलं तर तेच काम दोनदा.

हवा तपासली तेव्हाच पहिली गंमत निघाली. टायर थंड असताना पुढे २३ पीएसआय, मागे ४०. या गाडीच्या स्टिकरवर पुढे २९ आणि मागे ३३. आधीच्या कुणीतरी खडीवर जाताना पुढची हवा कमी केली आणि ती तशीच राहिली असणार. मागची पंपावर अंदाजाने भरलेली. पुढचं टायर मऊ असलं की रस्त्याला टेकलेला भाग मोठा होतो, हँडल जड लागतं आणि वळणात गाडी आपणहून सरळ व्हायला बघते. ‘१९ इंची चाक म्हणजे जड’ असा शिक्का बसतो, त्यातल्या कितीतरी वेळा खरं कारण हे सहा पीएसआय असतात. मागचं टायर फुगलेलं असलं की बारीक खाचखळगे थेट कण्यात पोचतात आणि ‘सस्पेन्शन कडक आहे’ हा दुसरा खोटा निष्कर्ष निघतो. स्वतःचा गेज जवळ ठेवावा. पंपांवरच्या गेजचं आपसात क्वचितच जमतं.

आता शॉकअप. इथे जरा थांबून सांगण्यासारखं आहे, कारण दिवसातला सगळ्यात मोठा फरक या वीस मिनिटांत पडला. माणूस बसल्यावर मागची बाजू किती दबते, म्हणजे सॅग किती, ते मोजायचं. मागच्या एक्सेलच्या बरोबर वर, सीटखालच्या पत्र्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. या गाड्यांना मेन स्टँड नसतो, म्हणून एकाने गाडी साईड स्टँडवर कलती करून मागचं चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचललं आणि दुसऱ्याने एक्सेलपासून पट्टीपर्यंतचं अंतर घेतलं: ६१२ मिमी. मग गाडी सरळ उभी केली. चालवणारा हेल्मेट, जॅकेट, बुटांसकट बसला, दोन्ही पाय फुटरेस्टवर, कुणीतरी पुढून हँडल धरलेलं. शॉकअप दोन-तीनदा दाबून मोकळा केला आणि पुन्हा मोजलं: ५५३. म्हणजे ५९ मिमी दबली. ट्रॅव्हल १५० ची. तिच्या तीस ते तेहेतीस टक्के, म्हणजे ४५ ते ५० मिमी दबणं योग्य. गाडी जवळजवळ एक सेंटिमीटर जास्त बसत होती.

कॉलर दुसऱ्या खाचेवर होती. आधी ब्रशने माती काढली, थोडं स्प्रे मारलं, आणि टूलकिटमधल्या हुकाच्या पान्याने तीन खाचा पुढे नेली. माती न काढता पाना लावला की तो सटकतो आणि हाताची बोटं स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, आपटतात. पुन्हा मोजल्यावर ५६५, म्हणजे सॅग ४७. एका खाचेला स्प्रिंग जेमतेम दोन मिमी दबते, पण शॉकअप स्विंगआर्मच्या मुळाजवळ बसलेला असल्याने चाकापाशी त्याचे जवळजवळ दुप्पट होतात.

या १२ मिमींनी काय होतं? १,४२० मिमीच्या व्हीलबेसवर (दोन्ही एक्सेलमधल्या अंतरावर) मागची बाजू १२ मिमी उचलली की संपूर्ण गाडी सुमारे अर्धा अंश पुढे कलते. तेवढाच फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांची जोडी, उभा होतो, ट्रेल (हँडल फिरतं तो आस जमिनीला मिळतो ती जागा आणि टायर टेकतं ती जागा यांतलं अंतर) थोडी घटते, आणि गाडी वळणात आपणहून उतरायला लागते. उलटही तितकंच खरं. पाय जमिनीला नीट टेकावेत म्हणून बरेच जण कॉलर पार सैल करतात, मागची बाजू बसवतात, आणि मग पुढचं चाक आळशी आहे म्हणून तक्रार करतात. उंचीची तक्रार मिटवताना वळण्याची तक्रार स्वतःच तयार केलेली असते. उंची कमीच करायची असेल तर सीटचा फोम पुढच्या अंगाने तासून घ्यावा. स्प्रिंगच्या वाटेला जाऊ नये.

चेन जास्त घट्ट निघाली. खालच्या बाजूला मध्यावर वर-खाली जेमतेम १५ मिमी खेळ. लांब ट्रॅव्हलच्या गाडीत हे महागात पडतं. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मची खीळ आणि मागचं एक्सेल हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, आणि ही रेषा गाडी अर्धवट दबल्यावरच येते. उभ्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन खड्ड्यात तारेसारखी ताठ होते, आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग आणि ऑईल सील खातो. खात्री करायची सोपी रीत: दोघांनी मागे बसून गाडी त्या रेषेपर्यंत दाबायची आणि तेव्हाही चेनला बोटभर खेळ राहतोय का बघायचं. एक्सेलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवले, खुणा जुळवल्या, आणि माहितीपुस्तकात दिला होता तेवढा खेळ दिला.

हँडल-लिव्हरचं काम पाच मिनिटांचं. कारखान्यातून लिव्हर बसून चालवायच्या हिशोबाने लावलेले येतात. उभं राहिल्यावर मनगट मागे मुडपतं आणि अर्ध्या तासात करंगळीला मुंग्या येतात. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून दोन्ही लिव्हर साधारण बोटभर खाली फिरवले, मनगट आणि पंजा उभ्याने एका रेषेत येईपर्यंत. क्लॅम्प पुन्हा आवळताना फार जोर लावायचा नाही. गाडी पडली तर लिव्हर फिरला पाहिजे, तुटता कामा नये. मागच्या ब्रेकच्या पॅडलचा लॉकनट सैल करून टोक थोडं वर घेतलं, आणि बुटाचा सोल जाड असल्यामुळे गिअर लिव्हरही एक दाता वर. पॅडल बदलल्यावर चाक उचलून फिरवून बघायला विसरू नये. खेळ शिल्लक राहिला नाही तर ब्रेक चिकटून राहतो आणि डिस्क तापते.

गर्दीतला पहिला तास उंचीचा. ८३५ हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, पण तो एकटा पुरेसाही नाही. सीट पुढे किती अरुंद आहे त्यावर पाय किती खाली पोचतो ते ठरतं. मांडीच्या आतून पायापर्यंतची लांबी ७८ सेंटिमीटर असलेल्या माणसाचे या गाडीवर दोन्ही चवडे टेकतात, टाचा नाहीत. सवय एकच बदलायची: दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडायचा. थांबताना कूल्हा किंचित डावीकडे सरकवायचा, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर. दहा-बारा सिग्नलनंतर हे आपोआप होतं. धोका असतो तो रस्त्याच्या कडेला, जिथे उतार पायाच्या बाजूला असतो. पाय अपेक्षेपेक्षा चार बोटं खाली जातो, तेवढ्यात १८० किलो कलतात आणि मग आवरत नाहीत. थांबायची जागा डोळ्यांनी आधी निवडायची. साईड स्टँडचंही तसंच. गाडी उंच असल्याने ती बरीच कलती उभी राहते, आणि मऊ जमिनीत स्टँडचं टोक रुततं. खाली चपटा दगड ठेवावा.

हिसक्यांची तक्रार अर्धी खरी आहे. ताशी १० ते १५ च्या वेगात, पहिल्या गिअरमध्ये, रेस पूर्ण सोडून पुन्हा दिली की गाडी धक्का देते. कारणं तीन एकावर एक चढलेली असतात. रेस सोडली की इंजेक्शन पेट्रोल पूर्ण तोडतं आणि पुन्हा देताना ते एकदम सुरू होतं. एकच मोठा पिस्टन असल्याने दोन स्फोटांमधलं अंतर जास्त असतं. आणि गिअर, चेन, मागच्या हबमधले रबर या सगळ्यांतला खेळ एकाच झटक्यात भरून निघतो. पहिलं कारण गाडीचं, प्रदूषणाच्या नियमांसाठी ठरवलेलं. तिसरं चेन सैल ठेवणाऱ्याचं. उपाय साधा: चालण्याच्या वेगापेक्षा जरा जास्त झालं की दुसरा गिअर टाकायचा, रेस शून्यावर न नेता केसभर उघडी ठेवायची, आणि वेग मागच्या ब्रेकच्या हलक्या दाबाने आवरायचा. ब्रेक लागलेला असल्याने चेन सतत ताणलेली राहते आणि खेळ भरायचा प्रश्नच उरत नाही. क्लच इतका हलका आहे की दोन बोटं पुरतात. मात्र तो लिव्हरच्या अगदी शेवटी पकडतो, पहिल्या दोन-चार वेळा इंजिन बंद पडलं तर आश्चर्य नको.

मांडी भाजण्याची तक्रार पूर्ण खरी, आणि ती जुळवणीने जात नाही. सायलेन्सर वर घेतला की तापलेली नळी गुडघ्याशेजारून जाणार. वाहत्या हवेत ती जाणवत नाही. सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा दोन्ही नडग्यांवर येते आणि उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला नळीची धग. जाड सुती किंवा चामड्याची पँट चालते. नायलॉनची ट्रॅकपँट अजिबात नाही, ती जाळीच्या फटीतून नळीला टेकली तर चिकटून वितळते. मागे बसणाऱ्याच्या पोटरीचं काय, हे गाडी बघतानाच बघून घ्यावं, कारण हीट शील्ड अनेकदा चालवणाऱ्यापुरतीच लांब असते. उजवीकडे सामानाची पिशवी लावायचा बेतही इथेच बारगळतो.

मोकळ्या रस्त्यावर स्क्रॅम्बलर काय देते आणि काय देत नाही ते लवकर कळतं. ताशी ८० पर्यंत ती सुखाची आहे. बैठक ताठ, हँडल रुंद, नजर बाकीच्या वाहनांच्या वरून जाते. ९० च्या पुढे छाती म्हणजे शीड. विंडस्क्रीन नाही, कोपरं बाहेर, वारा सगळा अंगावर. इथे हाताने हँडल घट्ट धरून शरीर सावरायचा मोह होतो आणि तीच चूक. वाऱ्याचा प्रत्येक झोत खांद्यातून हँडलला पोचतो, रुंद हँडलमुळे थोड्या जोरातही पुढचं चाक हलतं, आणि गाडी हलकेच डुलायला लागते. मग लोक टायरला दोष देतात. गुडघ्यांनी टाकी आवळायची, कंबरेतून किंचित पुढे वाकायचं, पकड सैल सोडायची. डुलणं दोन सेकंदांत थांबतं. हेल्मेटला पुढे टोपीसारखी झडप असेल तर ती शंभरला मान वर ओढते. खडीवर जायचं नसेल त्या दिवशी ती काढून ठेवलेली बरी.

कंपनं साडेपाच-सहा हजार आरपीएमनंतर फुटरेस्टमधून आणि सीटच्या पुढच्या टोकातून येतात. बॅलन्सर शाफ्ट असूनही मोठा एकटा पिस्टन लपत नाही. सहाव्या गिअरमध्ये ताशी ९० ही या गाडीची आरामाची जागा, दिवसभर तिथेच ठेवावी. शंभरला आरशातली गाडी ट्रक आहे की कार एवढंच कळतं. दोन सिलिंडरच्या मोठ्या स्क्रॅम्बलरमध्ये हा प्रश्न वेगळा असतो. बहुतेकांत क्रँक २७० अंशांचा (दोन पिस्टन एकदम नाही, तेवढ्या फरकाने वर येतात), त्यामुळे ठोका असमान, थडथड ऐकू येते पण बोटं बधिर होत नाहीत. सीट दीड तासापर्यंत चांगली. नंतर फोम दबतो आणि पुढच्या उतारामुळे माणूस टाकीवर सरकत राहतो. पेट्रोल टाकी भरून पुन्हा भरेपर्यंत मोजलं, ॲव्हरेज २८ च्या आसपास आलं. १३ लिटरमधले शेवटचे दोन सोडले तर ३०० किलोमीटरचा हिशोब धरावा.

घाटात मात्र सकाळच्या अर्ध्या अंशाचं मोल कळलं. १९ इंची चाक फिरायला अजूनही निवांतच आहे, ते १७ इंचीसारखं विचार करताक्षणी वळत नाही. पण रुंद हँडल तेवढीच तरफ हातात देतं. डाव्या वळणात डावं टोक पुढे ढकललं की गाडी एका चालीने, न अडखळता कलते आणि तिथेच राहते. मध्येच वाट बदलायची वेळ आली तरी घाबरवत नाही. हँडल ओढून वळवायला जाणाऱ्याला ती जड वाटणार, ढकलणाऱ्याला नाही.

ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणं हा दोष मानू नये. १५० मिमी ट्रॅव्हल मऊ स्प्रिंगवर बसवली की वजन पुढे येताना फोर्क दबणारच. चूक असते एकदम दाबण्यात. आधी लिव्हर हलकेच ओढून फोर्क दबू द्यायचा, टायर रस्त्यावर बसू द्यायचं, मग जोर वाढवायचा. सगळं मिळून अर्ध्या सेकंदाचं काम. मागचा ब्रेक क्षणभर आधी लावला तर मागची बाजूही थोडी खाली बसते आणि गाडी सपाट राहते. पुढचा ब्रेक पहिल्या ओढीला जरा मवाळ वाटतो. सैल जमिनीवर चाक चटकन लॉक होऊ नये म्हणून स्क्रॅम्बलरमध्ये पॅड बऱ्याचदा मुद्दाम असे निवडतात. पण कोरी गाडी असेल तर हा निष्कर्ष लगेच काढू नये. नवे पॅड डिस्कवर बसायला पंधरा-वीस वेळा ताशी ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम जोराने ब्रेक लावावे लागतात. नव्या टायरची चकाकीही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जाईपर्यंत भरवशाची नसते.

खडीच्या रस्त्याला लागण्याआधी चार गोष्टी केल्या. पुढची हवा २९ वरून २४, मागची ३३ वरून २७. ट्यूबलेस अलॉय चाकावर याच्या खूप खाली जाऊ नये, धारदार दगडावर रिमची कडा चेपते आणि हवा तिथूनच गळते. फुटरेस्टवरचे रबर खालून ढकलून काढले, दात उघडे झाले. ट्रॅक्शन कंट्रोल बंद केला, कारण चढावर मागचं चाक जरा घसरलं की तो ताकद तोडतो आणि गाडी नेमकी जिथे थांबू नये तिथे थांबते. आणि एबीएस ऑफ-रोड मोडमध्ये. काही गाड्यांत या मोडमध्ये फक्त मागच्या चाकाचा एबीएस बंद होतो, काहींत दोन्हींचा, म्हणून आधी सपाट मोकळ्या जागी ताशी २० ने मागचं पॅडल दाबून बघायचं. बहुतेक गाड्यांत चावी बंद केली की हा मोड पुसला जातो. फोटोला थांबून पुन्हा निघालं आणि उतारावर ब्रेक दाबल्यावर पॅडल पायाखाली थडथडलं तर समजायचं, एबीएस परत चालू झालाय.

पाचवी गोष्ट फुकटची. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीभोवती एक प्लॅस्टिकचा झिप टाय, सरकेल इतपत सैल, धुळीच्या सीलला टेकवून. उलट्या फोर्कमध्ये ही नळी खाली असते. फोर्क दबला की सील टायला खाली ढकलतं, आणि फोर्क परत वर आला तरी टाय तिथेच राहतो. फोर्क पूर्ण मोकळा असताना सील आणि टायमधलं अंतर म्हणजे वापरलेली ट्रॅव्हल. घाटापर्यंतच्या डांबरावर ९५ मिमी आलं होतं.

उभं राहून चालवणं हा खडीवरचा पहिला धडा. पायाचा चवडा नव्हे, मधला भाग फुटरेस्टवर. गुडघे थोडे वाकलेले, घोट्यांनी गाडी हलकेच धरलेली, वजन पायांवर, हातात फक्त दिशा. इथे गाडीची एक खरी मर्यादा उघडी पडते: हँडल बसून चालवण्याच्या उंचीचं आहे. पावणेसहा फुटांच्या वर उंची असेल तर पाठ वाकते. २० ते ३० मिमीचे रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) लावून हे सुटतं, पण लावल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून क्लचची केबल आणि ब्रेकचा होस ताणला जात नाही ना ते बघायलाच हवं. इंजिन चालू ठेवून फिरवावं; केबल ओढली जात असेल तर क्लच अर्धवट सुटतो. दुसरी अडचण सायलेन्सरची. उभं राहिलं की उजवा गुडघा शील्डला टेकतो आणि पाय बाहेर ढकलला जातो, डावीकडे टाकी मांडीला मिळते तशी उजवीकडे मिळत नाही. तासाभरात कंबरेच्या एकाच बाजूला ओढ जाणवते.

मुरमाचा रस्ता लाटांसारखा उठलेला होता तिथे ताशी २५ ला दात वाजत होते. ४५ ला गाडी लाटांच्या माथ्यांवरून जायला लागली आणि शांत झाली. मात्र त्या वेगात टायर जमिनीला कमी वेळ टेकतं, ब्रेक लांब लागतो, हे लक्षात ठेवून पुढचं वळण बघायचं. सुट्या खडीत पुढचं चाक इकडेतिकडे भटकतं. भटकू द्यायचं. नजर वीस मीटर पुढे आणि रेस स्थिर असेल तर ते स्वतःच सरळ होतं. वाळूच्या पट्ट्यात वजन मागे, रेस थोडी जास्त, पुढच्या ब्रेकला हातही लावायचा नाही. वळताना डांबरावरच्या उलट: शरीर सरळ, गाडी खाली ढकललेली, बाहेरच्या फुटरेस्टवर सगळं वजन.

एका चरात फोर्क धप्प करून शेवटाला लागला. वेग चाळीसच्या आसपास, चर वीतभर खोल. थांबून दोघांनी पुढचं चाक उचललं आणि टाय मोजला: १४७. म्हणजे १५० पैकी जवळजवळ सगळी ट्रॅव्हल एका ठोक्यात संपली. त्याआधीच्या वीस किलोमीटर खडीवर तो १२८ च्या पुढे गेला नव्हता. हे प्रमाण योग्यच आहे. खराब रस्त्यावर ट्रॅव्हल बहुतेक वापरली जावी आणि शेवट क्वचित लागावा. दर दहा मिनिटांनी धप्प आवाज यायला लागला तर जाड फोर्क ऑईल किंवा कडक स्प्रिंग घालायला हवी, किंवा सरळ वेग कमी करायला हवा. नुसता प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) वाढवून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. ॲडव्हेंचर गाडीवरून उतरून याच वाटेने स्क्रॅम्बलर नेणाऱ्याचा घोळ इथेच होतो. तिथल्या २०० मिमीचा अंदाज इथे ५० मिमी कमी पडतो. इंजिनखालची पट्टीही बघून घ्यावी. पातळ पत्रा किंवा प्लॅस्टिक असेल तर ते उडणारे खडे अडवतं, गाडीचं वजन पेलत नाही.

सायलेन्सर उंच असला की पाण्यात गाडीला धोका नाही, हा जुना गैरसमज ओढ्यापाशी निस्तरायला हवा. पाण्यात गाडी मरते ती बहुतेक वेळा सायलेन्सरमुळे नाही. इंजिन चालू असेपर्यंत धूर पाणी बाहेर ढकलत राहतो. मारक ठरतं ते हवा आत घेण्याचं तोंड, सीटखाली किंवा टाकीखाली. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी एअर बॉक्सचं तोंड कुठे आहे ते शोधायचं. पाणी चाकाच्या एक्सेलपर्यंत असेल तर जायचं, त्यापेक्षा खोल असेल तर चालत जाऊन बघायचं. पहिला गिअर, रेस स्थिर, मध्ये क्लच दाबायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर स्टार्टर दाबायचा नाही. गाडी ढकलत बाहेर काढून प्लग उघडायचा, मगच इंजिन फिरवायचं. बाहेर आल्यावर दोन्ही ब्रेक पन्नासेक मीटर हलके दाबून डिस्क कोरडी केली. पहिल्या दाबाला काहीच झालं नाही, तिसऱ्याला पकड परत आली.

परतीच्या डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा २९ आणि ३३ केली. छोटा हातपंप असेल तर मागच्या टायरला सहा पीएसआय चढवायला घाम निघतो, पण २४-२७ वर घाट उतरणं म्हणजे सकाळच्याच तक्रारीकडे परत जाणं. दिवसाच्या शेवटी पाना फिरवला तेव्हा दोन गोष्टी सैल निघाल्या: उजव्या आरशाचा नट आणि हीट शील्डचा पुढचा स्क्रू. शील्डच्या स्क्रूला तापमानाने ढिलं पडायची खोडच असते. साधा थ्रेडलॉक (आटे चिकटवून ठेवणारा द्रव) त्या उष्णतेला टिकत नाही, तांब्याचं वायसर आणि उष्णता सोसणारा ग्रीस लावून आवळावा. तारांची चाकं असतील तर प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकं ठोकून बघायचं. सगळे एका सुरात वाजले पाहिजेत, ज्याचा आवाज भद्द येतो तो सैल. रेडिएटरच्या जाळीतला चिखल पाण्याच्या मंद धारेने, आतून बाहेर. प्रेशरची धार मारली तर पातळ पाती आडवी होतात. फोर्कच्या सीलभोवतीची ओली माती त्याच संध्याकाळी कापडाने पुसावी. वाळलेली माती सीलच्या कडेखाली गेली की आठवड्याभरात नळीवर तेलाचं कडं दिसतं. चेनला धुवून तेल दिलं, खेळ पुन्हा मोजला, सकाळइतकाच होता. टाय काढला नाही, सीलला टेकवून ठेवला.